प्राणिसंशोधनातील प्रयोगनिवेदन : हान्स घोड्यापासून 'अराइव्ह' संहितेपर्यंत

१

प्रयोग एकदा घडतो आणि संपतो. त्यानंतर शास्त्राच्या व्यवहारात उरते ते त्याचे निवेदन. वाचकासमोर प्राणी नसतो, पिंजरा नसतो, निरीक्षकाची नजर कोठे होती हेही त्याला दिसत नाही. त्याच्या हाती असतात ती केवळ नियतकालिकाची काही पाने. त्या पानांत जे उतरले नाही ते वाचकापुरते घडलेच नाही, आणि जे उतरले ते प्रत्यक्षात कितीही संशयास्पद असले तरी घडलेले म्हणून स्वीकारले जाते. ह्या दृष्टीने पाहता प्रयोगाचे निवेदन कसे असावे हा प्रश्न लेखनशैलीचा नसून प्रमाणशास्त्राचा आहे.

प्राणिसंशोधनात ह्या प्रश्नाला विशेष धार येते. मानवावर केलेल्या प्रयोगात प्रयोगविषय असलेली व्यक्ती स्वतः साक्ष देऊ शकते. 'मला असे दिसले नाही' किंवा 'मला तसे सुचविण्यात आले' असे ती सांगू शकते. प्राण्याच्या बाजूने बोलणारा एकच, तो म्हणजे निरीक्षक. आणि निष्कर्षात ज्याचा हितसंबंध गुंतलेला असतो तोही बहुधा तोच. साक्षीदार आणि पक्षकार एकच असेल तर साक्ष अधिक काटेकोरपणे नोंदविली पाहिजे, हे न्यायालयाचे तत्त्व येथेही लागू पडते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्या इतिहासात रस वाटण्याचे आणखी एक कारण आहे. प्राण्यांविषयीच्या ज्या दाव्यांनी निवेदनाच्या मानदंडांची सर्वांत कठोर परीक्षा घेतली, त्यांतील कित्येक दावे भाषेविषयीचेच होते : घोड्याला जर्मन समजते, चिंपांझी खुणांनी वाक्ये रचते, माकडाला अक्षरक्रमाचा नियम कळतो. प्रस्तुत निबंधात ह्या दाव्यांच्या क्रमाने निवेदनाच्या मानदंडांचा विकास पाहावयाचा आहे. आणि एकविसाव्या शतकात जीववैद्यक संशोधनासाठी जी संहिता तयार झाली तिच्याशी त्याचे नाते कोणते, ह्याचाही विचार करावयाचा आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्राण्यांच्या बुद्धीविषयीचा पुरावा मुख्यतः आख्यायिकांचा होता. जॉर्ज रोमेन्स ह्या डार्विनच्या तरुण सहकाऱ्याने १८८२ मध्ये 'ॲनिमल इंटेलिजन्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कुत्री, मांजरे, हत्ती, मुंग्या इत्यादिकांच्या चातुर्याच्या शेकडो हकीकती आहेत. रोमेन्स निष्काळजी संग्राहक होता असे मात्र म्हणता येणार नाही. कोणती हकीकत स्वीकारावी ह्याविषयी त्याने स्वतःसाठी नियम घातले होते : हकीकतीमागे कोणाचे तरी नाव असले पाहिजे, सांगणारा प्रसिद्ध निरीक्षक नसेल तर त्याच्या निरीक्षणात चूक होण्यास कितपत वाव होता हे पाहिले पाहिजे, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या व्यक्तींच्या हकीकती जुळतात काय हे तपासले पाहिजे. निवेदनाच्या मानदंडांची ही एक आरंभीची मांडणीच होय. तथापि तिचा पाया निवेदकाच्या प्रतिष्ठेवर होता. 'कोणी पाहिले' ह्याला तिने महत्त्व दिले. 'कसे पाहिले' हे मात्र बव्हंशी मोकळेच राहिले.

मराठी भाषेत ऐकीव माहितीसाठी 'म्हणे' ह्या अव्ययासारखी योजना आहे. 'राजा मोठा दानशूर होता' आणि 'राजा म्हणे मोठा दानशूर होता' ह्या दोन वाक्यांतील विधान एकच. पण दुसऱ्यात बोलणारा त्या विधानाची जबाबदारी स्वतःवर घेत नाही. रोमेन्सच्या ग्रंथातील पुष्कळशा वाक्यांत असा एक 'म्हणे' अध्याहृत आहे. शास्त्रीय गद्याच्या निश्चयार्थी क्रियापदांनी तो झाकून टाकला आहे इतकेच.

ह्या पद्धतीवर पहिला आघात सी. लॉइड मॉर्गन ह्याने १८९४ मध्ये केला. जी कृती मनोव्यापाराच्या खालच्या पायरीने स्पष्ट होते तिच्यासाठी वरची पायरी गृहीत धरू नये, असा त्याचा सुप्रसिद्ध दंडक आहे. पण निवेदनाच्या दृष्टीने अधिक मूलगामी टीका एडवर्ड थॉर्नडाइक ह्याची. १८९८ च्या आपल्या प्रबंधात त्याने दाखवून दिले की आख्यायिकांचा दोष केवळ अतिशयोक्तीचा नाही, निवडीचा आहे. कुत्री नेहमीच हरवतात. त्याची बातमी कोणी शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवीत नाही. एखादे कुत्रे मात्र दूरच्या गावाहून घरी परतले की त्याची कथा तत्काळ छापली जाते. अपयशांची नोंदच नसल्यामुळे यशांचा अर्थ लावता येत नाही. आज ज्याला प्रकाशनातील पक्षपात म्हणतात त्याचे हे नेमके निदान होय. थॉर्नडाइकने स्वतः मांजरे, कुत्री व कोंबडीची पिले घेऊन कोड्याच्या पेट्यांचे प्रयोग केले आणि प्रत्येक प्राण्याला प्रत्येक खेपेस सुटण्यास लागलेला वेळ आलेखरूपाने छापला. फसलेल्या खेपाही त्या आलेखांत आहेत. प्राणिमानसशास्त्राच्या निवेदनात प्रतिष्ठेची जागा येथून मोजणीने घेतली.

३

मोजणी असूनही फसगत कशी होते ह्याचा धडा बर्लिनमध्ये मिळाला. विल्हेल्म फॉन ऑस्टेन हा निवृत्त गणितशिक्षक आपल्या हान्स नावाच्या घोड्याला अनेक वर्षे शिकवीत होता. १९०४ पर्यंत हान्स बेरीज-वजाबाकी करी, अपूर्णांक सोडवी, तारीख सांगे, लिहिलेली नावे ओळखी. उत्तर तो खुराच्या ठोक्यांनी देई. फॉन ऑस्टेन प्रयोगाचे पैसे घेत नसे आणि परक्या माणसांनाही प्रश्न विचारू देई. सप्टेंबर १९०४ मध्ये तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ ह्याच्या पुढाकाराने तेरा जणांची समिती बसली. तीत प्राणिसंग्रहालयाचा संचालक होता, सर्कसचा व्यवस्थापकही होता. लबाडीची कोणतीही ज्ञात खूण आढळत नाही, असा निर्वाळा समितीने दिला. वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ 'घोडा खरोखरच विचार करतो' असा केला. वस्तुतः समितीने तसे म्हटले नव्हते. निवेदनातील एका नकारात्मक विधानाचे वाचकाच्या मनात होकारात्मक विधान कसे होते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

पुढील तपास श्टुम्फचा सहकारी ऑस्कर फुंग्स्ट ह्याने केला. त्याने प्रश्नांचे दोन वर्ग पाडले. पहिल्यात प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक असे; दुसऱ्यात नसे. आकडा लिहिलेल्या पाट्या घोड्याला दाखवून केलेल्या प्रयोगांत ज्ञात पद्धतीच्या ४२ खेपांपैकी शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. अज्ञात पद्धतीच्या ४९ खेपांपैकी केवळ शेकडा ८. घोड्याला झापडे लावून प्रश्नकर्ता दिसेनासा केला तरी उत्तरे चुकत. बारकाईने पाहता उलगडा झाला. प्रश्न विचारल्यावर प्रश्नकर्ता खुराकडे पाहण्यासाठी नकळत किंचित पुढे झुकत असे, आणि अपेक्षित ठोका पडताच त्याचे डोके तितकेच नकळत वर होत असे. झुकण्याबरोबर घोडा ठोके सुरू करी, डोके वर होताच थांबे. पुढे फुंग्स्टने प्रयोगशाळेत स्वतः घोड्याची भूमिका घेतली. समोरच्या व्यक्तीने मनात धरलेला आकडा तो केवळ तिच्या हालचालींवरून ठोक्यांनी सांगे. पंचवीस व्यक्तींपैकी दोघे वगळता सर्वांकडून ही हालचाल झाली, आणि आपण ती करतो ह्याचा त्यांना पत्ताही नव्हता.

फुंग्स्टचा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. खेपांची संख्या, प्रश्नकर्त्याची नावे, अंतर, झापडे, प्रकाश, फसलेले प्रयत्न, समितीचे मूळ अहवाल असे सारे त्यात आहे. ह्या ग्रंथाचे महत्त्व एका घोड्याचे रहस्य उलगडण्यापुरते नाही. त्यापूर्वीच्या सर्व हकीकतींत प्राण्याचे वर्तन नोंदलेले होते. प्रश्नकर्त्याचे वर्तन कोणीच नोंदले नव्हते, कारण ते प्रयोगाचा भाग आहे असे कोणाला वाटलेच नव्हते. प्रयोग करणारा हाही प्रयोगाचा घटक असतो आणि म्हणून निवेदनात त्याचीही नोंद हवी, हे तत्त्व येथे सिद्ध झाले.

सिद्ध झालेले तत्त्व रूढ होतेच असे नाही. रॉबर्ट रोझेंथाल व केर्मिट फोड ह्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितले की तुमचे उंदीर भुलभुलैया शिकण्यात निवडक हुशार वाणाचे आहेत. उरलेल्यांना सांगितले की तुमचे मंद वाणाचे आहेत. उंदीर वस्तुतः सारखेच होते. तरी 'हुशार' उंदरांनी सरस कामगिरी केल्याची नोंद झाली. अपेक्षा हातातून, नजरेतून आणि नोंदवहीतून प्राण्यापर्यंत पोचते, हे आता घोड्याच्या अंगणातून प्रयोगशाळेत येऊन ठेपले.

४

चिंपांझीला मानवी भाषा शिकविण्याचे आरंभीचे प्रयत्न वाणीवर अडले. कीथ व कॅथरिन हेज ह्या दांपत्याने १९४७ पासून वाढविलेली व्हिकी फार परिश्रमाने चारच इंग्रजी शब्द, तेही अस्पष्टपणे, उच्चारू शकली. ॲलन व बिॲट्रिक्स गार्डनर ह्यांनी नेवाडा विद्यापीठात १९६६ मध्ये वेगळा मार्ग धरला. वॉशो नावाच्या चिंपांझीच्या मादीला त्यांनी अमेरिकेतील बधिर समाजाची खूणभाषा शिकविण्यास आरंभ केला. त्यांचे पहिले विस्तृत निवेदन 'सायन्स' ह्या नियतकालिकात १९६९ मध्ये आले.

हे निवेदन निष्काळजीपणाचे नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. एखादी खूण 'आली' असे केव्हा मानावे ह्याचा निकष त्यात स्पष्ट आहे. तीन वेगवेगळ्या निरीक्षकांनी ती योग्य प्रसंगी व स्वयंस्फूर्तपणे झाल्याचे कळविले पाहिजे. त्यानंतर सलग पंधरा दिवस रोज किमान एकदा ती तशी घडली पाहिजे. बावीस महिन्यांच्या अखेरीस तीसांहून अधिक खुणा त्यांनी सूचीत नोंदविल्या. खूण, तिचे वर्णन, तिचा प्रसंग अशी ती सूची आहे. पुढे वस्तूंची चित्रे दाखवून, निरीक्षकाला चित्र दिसणार नाही अशी व्यवस्था ठेवून, त्यांनी शब्दसंग्रहाच्या परीक्षाही घेतल्या. सुट्या शब्दांपुरता हान्सचा आक्षेप त्यांनी बऱ्याच अंशी लक्षात घेतला होता.

अडचण शब्दाशी नव्हती, वाक्याशी होती. आणि ती दिसण्यासाठी भाषाशास्त्रज्ञाच्या परिचयाच्या एका उपकरणाकडे पाहावे लागते. ते उपकरण म्हणजे प्रतिशब्द. अपरिचित भाषेतील प्रत्येक घटकाखाली परिचित भाषेतील एक शब्द लिहिण्याची पद्धत क्षेत्रकार्य करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सोय म्हणून ती उत्तम आहे. पण प्रतिशब्द लिहिताच त्याच्याबरोबर परिचित भाषेचे व्याकरणही पाठीमागून येते. हंस दिसला असता वॉशोने 'पाणी' आणि 'पक्षी' ह्या दोन खुणा केल्या, अशी हकीकत रॉजर फाउट्स ह्याने सांगितली आणि ती जगभर गाजली. इंग्रजी प्रतिशब्द जवळजवळ लिहिताच एक सामासिक शब्द तयार झाला : जलपक्षी. पण समोर पाणी होते आणि पक्षीही होता. दोन खुणा म्हणजे एक समास, की एकापाठोपाठ केलेले दोन सुटे निर्देश? मध्ये किती वेळ गेला? उलट क्रमाने ह्याच खुणा कितीदा झाल्या? शिक्षकाने आधी कोणती खूण केली होती? छापील प्रतिशब्दांत ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

५

कोलंबिया विद्यापीठातील हर्बर्ट टेरेस हा वर्तनवादी परंपरेतील मानसशास्त्रज्ञ चिंपांझी वाक्ये रचू शकते हे सिद्ध करण्याच्या उमेदीने ह्या क्षेत्रात आला. त्याने निवडलेला चिंपांझी १९७३ च्या नोव्हेंबरात जन्मला. भाषा ही मानवाचीच मिरास आहे असे मानणाऱ्या नोम चॉम्स्कीच्या नावावर कोटी करून त्याचे नाव निम चिंपस्की ठेवण्यात आले. सुमारे चार वर्षांत साठांच्या आसपास शिक्षक बदलले. निम सव्वाशेच्या सुमारास खुणा शिकला. वर्गात शिक्षक त्याच्या खुणा हलक्या आवाजात ध्वनिमुद्रकावर सांगत जात आणि मागाहून त्यांच्या नोंदी तयार होत. एकाहून अधिक खुणांच्या एकोणीस हजारांवर उक्ती अशा प्रकारे जमा झाल्या.

त्या उक्तींचे पहिले विश्लेषण आशादायक होते. द्विपदी उक्तींत काही खुणा पहिल्या स्थानी, काही दुसऱ्या स्थानी वारंवार येताना दिसत होत्या. म्हणजे क्रमाचा काही नियम असावा असे वाटत होते. पण त्याचबरोबर एक गोष्ट खटकत होती. मुलाच्या उक्तींची सरासरी लांबी वयानुसार वाढत जाते आणि लांबीबरोबर आशयही वाढतो. निमची सरासरी १.१ ते १.६ खुणांच्या दरम्यानच घुटमळत राहिली. त्याची सर्वांत लांब उक्ती सोळा खुणांची होती. तीत 'दे', 'संत्रे', 'खा', 'मी' ह्याच खुणांची आवर्तने होती आणि आशय एकाच खुणेइतका होता.

निर्णायक पुरावा नोंदवह्यांच्या बाहेरून आला. काही वर्गांचे चित्रीकरण झाले होते. १९७७ मध्ये निमला ओक्लाहोमाला परत पाठविल्यानंतर टेरेस व त्याचे सहकारी ही चित्रमुद्रणे पुन्हा पुन्हा, संथ गतीने पाहू लागले, आणि तोवर सर्वांच्या नजरेसमोर असूनही कोणीच न पाहिलेली गोष्ट त्यांना दिसली. निमच्या खुणेपूर्वी क्षणभर शिक्षकाने तीच, किंवा तिच्याशी निगडित, खूण केलेली असे. चित्रित उक्तींपैकी शेकडा चाळीसच्या आसपास उक्ती शिक्षकाच्या खुणांची पूर्ण वा अंशतः नक्कल होत्या. आधी शिक्षकाने काही न सुचविता निमने आपण होऊन केलेल्या उक्तींचे प्रमाण शेकडा बाराच्या आसपास होते. संवादातील पाळी तो पाळत नव्हता. शिक्षकाची खूण चालू असतानाच तो मध्ये खुणा करी. हे निष्कर्ष टेरेस, लॉरा पेटिटो, रिचर्ड सँडर्स व टॉमस बेव्हर ह्यांनी 'सायन्स'मध्ये २३ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रसिद्ध केले.

ह्या प्रसंगाचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. नोंदवह्या खोट्या नव्हत्या. शिक्षकांनी पाहिलेल्या खुणा प्रामाणिकपणे सांगितल्या होत्या. पण ज्या हातांनी निमशी बोलायचे, त्याच शिक्षकाने त्याच वेळी निमच्या खुणा ध्वनिमुद्रकाला सांगायच्या, अशी योजना होती; स्वतःच्या खुणा नोंदविण्यास तीत जागाच नव्हती. एकोणीस हजार उक्तींचा हा संग्रह म्हणजे संवादातील एकाच बाजूचे संहितालेखन होते. दूरध्वनीवर बोलणाऱ्याचे केवळ एका बाजूचे बोलणे ऐकून त्याच्या वक्तृत्वाची परीक्षा करावी तसे हे झाले. फुंग्स्टने बाहत्तर वर्षांपूर्वी शिकविलेला धडा, प्रयोगकर्त्यालाही नोंदवा हा, नोंदीच्या रचनेतच विसरला गेला होता.

टेरेसचे निष्कर्षही निर्विवाद ठरले नाहीत, आणि वादाचे एक मूळ पुन्हा निवेदनातच होते. निमला वाढविण्याची पद्धत, लहानशा खोलीतील घोटवणी, शिक्षकांची सततची ये-जा ह्यांमुळे असे चिंपांझी नकलच करणार, असे गार्डनर दांपत्याचे म्हणणे होते. क्रिस ओ'सलिव्हन व कारी येगर ह्यांनी ओक्लाहोमात निमबरोबर केलेल्या व १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घोटवणीऐवजी सहज गप्पांच्या प्रसंगी त्याच्या स्वयंस्फूर्त उक्तींचे प्रमाण वाढल्याचे आढळले. वाक्यरचनेचा दावा ह्याने पुन्हा उभा राहत नाही. पण प्राणी कोणत्या परिस्थितीत वाढला व कोणत्या परिस्थितीत तपासला गेला, ह्याशिवाय आकड्यांना अर्थ नसतो, हे त्यावरून दिसते.

६

मे १९८० मध्ये न्यूयॉर्क विज्ञान अकादमीच्या वतीने चिन्हमीमांसक टॉमस सेबिओक व रॉबर्ट रोझेंथाल ह्यांनी एक परिषद भरविली. विषय होता हान्स घोड्याचा परिणाम, आणि व्याप्ती घोड्यांपासून देवमासे, वानर व माणसे यांपर्यंत. परिषदेचा सूर तीव्र होता. तीनंतर वानरांच्या भाषेचे संशोधन ओसरू लागले. मात्र ज्यांनी ते चालू ठेवले त्यांच्या निवेदनाचा घाट बदलला.

सू सॅव्हेज-रंबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कान्झी ह्या बोनोबोविषयी प्रसिद्ध केलेला प्रबंध ह्या बदलाची साक्ष देतो. बोललेल्या इंग्रजी वाक्यांचे आकलन हा त्याचा विषय. ६६० वाक्ये कान्झीला व दोन वर्षांच्या एका मुलीला सांगण्यात आली. बऱ्याच खेपांत वाक्य सांगणारी व्यक्ती एकतर्फी आरशामागे असे आणि समोर बसलेल्यांच्या कानांवर मोठ्या आवाजात संगीत वाजणारी श्रवणयंत्रे असत, म्हणजे त्यांनाही वाक्य ऐकू येत नसे. कान्झीचे यश शेकडा ७२, मुलीचे शेकडा ६६ असे नोंदले गेले. आकड्यांहून महत्त्वाचे आहे ते परिशिष्ट. प्रत्येक वाक्य आणि त्यावर झालेली प्रत्येक कृती त्यात छापली आहे. एखादी कृती 'बरोबर' मानण्यात लेखकांनी सवलत दिली असे वाटल्यास वाचक ती खेप काढून स्वतःची बेरीज करू शकतो. कित्येक टीकाकारांनी नेमके हेच केले आणि लेखकांहून सावध निष्कर्ष काढले. निवेदनाविरुद्ध वाद घालण्याची सामग्री निवेदनच पुरविते, ह्याहून निवेदनाची मोठी गुणवत्ता नाही.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण हार्व्हर्ड विद्यापीठातील मार्क हाउझर ह्याचे. २००२ मध्ये 'कॉग्निशन' ह्या नियतकालिकात त्याने सहकाऱ्यांसह असे प्रतिपादिले होते की टॅमरिन जातीच्या माकडांना तीन अक्षरांच्या मालिकांतील क्रम ओळखता येतो. उदाहरणार्थ, पहिली दोन अक्षरे सारखी असलेली मालिका आणि शेवटची दोन सारखी असलेली मालिका ह्यांत ती भेद करतात. नियम कळणे ही भाषेची पूर्वअट असल्याने ह्या निष्कर्षाला भाषाशास्त्रात वजन होते. विद्यापीठाच्या चौकशीनंतर हा निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला, आणि २०११ मध्ये हाउझरने विद्यापीठ सोडले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने आपला निर्णय प्रसिद्ध केला. त्यानुसार निबंधातील एका आलेखाची अर्धी माहिती रचलेली होती : परिचित झालेली मालिकाच पुन्हा ऐकविण्याचा तुलनात्मक भाग माकडांवर कधी झालाच नव्हता. हाउझरने आरोप मान्य केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की छापील निबंध वाचून हे कोणालाही कळले नसते. आठ वर्षे कळले नाहीच. त्याचा घाट निर्दोष होता. निवेदनाचे मानदंड अनवधानावर इलाज करतात; अप्रामाणिकपणावर ते अपुरे पडतात. मूळ चित्रमुद्रणे व नोंदी जपून ठेवणे व मागताच दाखविणे हाच तेथे उपाय आहे.

७

भाषेविषयीचे दावे संख्येने थोडे. औषधे व रोग ह्यांच्या शोधासाठी होणारे प्राणिप्रयोग मात्र अगणित. आणि तेथील निवेदनाची परीक्षा फार उशिरा झाली. ब्रिटनमध्ये प्राणिप्रयोगांना पर्याय शोधणे, त्यांतील प्राण्यांची संख्या घटविणे व त्यांच्या यातना कमी करणे ह्यांसाठी २००४ मध्ये एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. हे त्रिविध तत्त्व विल्यम रसेल व रेक्स बर्च ह्यांनी १९५९ मध्ये मांडले होते. ह्या केंद्राच्या पुढाकाराने कॅरल किलकेनी व सहकाऱ्यांनी ब्रिटन व अमेरिकेतील सरकारी मदतीने झालेल्या उंदीर, घुशी व वानरवर्गीय प्राण्यांवरील संशोधनाचे २७१ निबंध तपासले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगाचा हेतू किंवा गृहीतक आणि प्राण्यांची संख्या व वर्णन हे सारे सांगणारे निबंध शेकडा ५९ होते. प्राण्यांची गटवाटणी यादृच्छिक केल्याचा उल्लेख शेकडा ८७ निबंधांत नव्हता. निरीक्षकाला गट अज्ञात ठेवल्याचा उल्लेख शेकडा ८६ निबंधांत नव्हता. म्हणजे फुंग्स्टच्या अज्ञात पद्धतीला एक शतक होऊन गेल्यावरही, प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक होते की नव्हते, हे सातांपैकी सहा निबंधांत वाचकाला कळत नव्हते.

ह्या तपासणीतून जून २०१० मध्ये 'अराइव्ह' ही संहिता निघाली. तिच्या वीस कलमांत प्राण्याची जात, वाण, लिंग, वय, वजन, निवास, आहार, संख्येचे समर्थन, गटवाटणीची रीत, निरीक्षकाची अनभिज्ञता, वगळलेले प्राणी, मृत्यू व इजा ह्यांची मागणी होती. वैद्यकातील मानवी चाचण्यांसाठी १९९६ मध्ये झालेली 'कॉन्सॉर्ट' संहिता हा तिचा आदर्श. शेकडो नियतकालिकांनी तिला मान्यता दिली. पण मान्यता देणे आणि पाळणे ह्यांतील अंतर मोठे निघाले. एका नियतकालिकाकडे आलेल्या १६८९ हस्तलिखितांपैकी काहींच्या लेखकांना संहितेची भरलेली यादी सक्तीने मागण्यात आली, काहींना नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या चाचणीत दोन्ही गटांतील एकही निबंध संहितेला पूर्णपणे उतरला नाही. यादी भरणे हा एक कार्यालयीन उपचार ठरला. म्हणून जुलै २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत एकवीस कलमांची विभागणी झाली : दहा अत्यावश्यक, अकरा शिफारस केलेली. ज्यांवाचून निष्कर्ष तपासताच येत नाही ती आधी, असा हा विवेक आहे.

कोणता तपशील आवश्यक आणि कोणता फाजील हे आगाऊ ठरविणे अवघड असते, ही ह्या साऱ्या खटाटोपातील खरी अडचण होय. जॉन क्रॅब, डग्लस वाल्स्टन व ब्रूस डुडेक ह्यांनी १९९९ मध्ये पोर्टलंड, ऑल्बनी व एडमंटन येथील तीन प्रयोगशाळांत एकाच वाणांच्या उंदरांवर त्याच चाचण्या शक्य तितक्या सारख्या परिस्थितीत घेतल्या. उपकरणे सारखी, आहार सारखा, दिवसाची वेळही सारखी. तरी काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेगणिक भिन्न आले. एडमंटनच्या प्रयोगकर्त्याला उंदरांचे वावडे असल्यामुळे तो श्वसनयंत्र लावून काम करीत असे, एवढा तपशीलही लेखकांनी नोंदविला आहे. तो निकालास कारण झाला की नाही हे ठरविता येत नाही. पण नोंदविला नसता तर तसा प्रश्नही विचारता आला नसता. २०२० मध्ये मायकेल वेब्स्टर व क्रिस्टियन रुट्झ ह्यांनी प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी 'स्ट्रेंज' ही चौकट सुचविली. प्राण्याची सामाजिक पार्श्वभूमी, तो जाळ्यात सहज सापडणारा होता काय, त्याचे संगोपन, सवय, पूर्वानुभव इत्यादी गोष्टी सांगाव्यात असे ती म्हणते. निमच्या वादातील उभय पक्षांना जे हवे होते ते नेमके हेच.

८

ह्या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की प्रत्येक मानदंड एखाद्या फसगतीनंतर जन्मला, आणि फसगत उघडकीस आली ती कोणीतरी गरजेपेक्षा अधिक नोंद ठेवली होती म्हणून. थॉर्नडाइकच्या फसलेल्या खेपा, फुंग्स्टने टिपलेली प्रश्नकर्त्याची मान, टेरेसची चित्रमुद्रणे, कान्झीच्या ६६० कृतींची यादी ह्या सर्व, ज्या क्षणी नोंदविल्या त्या क्षणी, फाजील वाटाव्यात अशाच होत्या. विशेषतः टेरेसच्या बाबतीत त्या नोंदीने तिच्या मालकाचाच सिद्धान्त मोडला. त्याने ती दडविली नाही, ह्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट लाघवाची. आपल्याकडील वैयाकरणांना सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद होई, असे परंपरा सांगते. नियतकालिकांच्या संपादकांनाही पानांच्या टंचाईमुळे तसलाच आनंद होत आला आणि कात्री बहुधा पद्धतीच्या वर्णनाला लागली. पण सूत्राच्या लाघवामागे वार्तिक आणि भाष्य उभे असते. सूत्रात जे गाळले ते कोठे शोधावे हे अभ्यासकाला माहीत असते. प्रयोगनिवेदनात गाळलेल्या भागाला भाष्य नाही. ते प्राण्याबरोबर आणि प्रयोगकर्त्याच्या स्मृतीबरोबर संपते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला घोड्याशी वा चिंपांझीशी काम पडण्याचा संभव थोडा. निवेदकाकडून वाक्ये काढून घेऊन त्यांखाली प्रतिशब्द लिहिण्याचे काम मात्र त्याला नित्य पडते. निवेदकाने दिलेले रूप नोंदविताना ते कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आले, प्रश्नकर्त्याने आधी कोणते रूप उच्चारले होते, आणि किती रूपे निवेदकाने नाकारली, ह्यांची नोंद किती क्षेत्रवह्यांत सापडते? ज्या वहीत उत्तरांशेजारी प्रश्नही लिहिलेले असतील तिच्यातील व्याकरणावर पुढच्या पिढीला विश्वास ठेवता येईल. जिच्यात केवळ उत्तरे असतील तिला, ती कितीही जाड असली तरी, निमच्या एकोणीस हजार उक्तींचीच योग्यता राहील.